पोपट, हिरवा, कापडी

नाटकाच्या प्रॉपर्टीच्या, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंच्या, वहीत सातव्या ओळीवर मी वस्तू आणि पात्राचं नाव लिहिलं होतं, ‘पोपट, हिरवा – सामंत.’ त्याच्या वर कुलूप-किल्ली, तीही सामंतकडेच. खाली काशीकरांचं कानकोरणं. ‘कापडी’ हा शब्द मी लिहिला नव्हता. गरजच वाटली नाही, कारण पोपट आमच्याच घरी शिवलेला. मावशीनं ब्लाउजपीसमधून उरलेलं हिरवं पॉपलीन घेतलं, चोचीला लाल चिंधी लावली, पोटात जुन्या उशीतला कापूस भरला आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं टाचली. एक बटण जरा वर बसलं, त्यामुळे पोपट कायम कसल्या तरी विचारात असल्यासारखा दिसायचा.

साल 1998. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या हौशी मंडळात नुकतीच शिरले होते. हौशी मंडळात नवी मुलगी आली की तिला एक तर हिरॉइन करतात, नाही तर प्रॉपर्टी देतात. माझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पलीकडे जात नसे, त्यामुळे माझा निकाल पहिल्याच तालमीत लागला.

नाटक होतं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. 1967 साली ‘रंगायन’नं अरविंद देशपांडेंच्या दिग्दर्शनाखाली ते पहिल्यांदा केलं, सुलभा देशपांडे लीला बेणारे झाल्या, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक हौशी मंडळाला आयुष्यात एकदा तरी ते करावंसं वाटतं. आमच्या भाऊंनाही वाटलं. भाऊ म्हणजे आमचे दिग्दर्शक. राज्य नाट्य स्पर्धेचं आमचं केंद्र रत्नागिरी.

निघायच्या आदल्या रात्री पोपटाची चोच उसवली. मावशीनं ती शिवायला घेतली, आणि पहाटेच्या एसटीच्या घाईत पोपट शिलाई मशीनवरच राहिला. दुपारी रत्नागिरीत ट्रंक उघडली तेव्हा ते कळलं. मी रडवेली होऊन बाजारात धावले आणि खेळण्यांच्या दुकानातून प्लास्टिकचा पोपट घेऊन आले. रंग जवळजवळ तोच, आकारही तसाच. वहीत लिहिलं होतं ‘पोपट, हिरवा’, आणि माझ्या हातात पोपट होता, हिरवा होता. मी सातव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

ज्यांनी हे नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईची एक हौशी मंडळी एका खेड्यात ‘अभिरूप न्यायालया’चा प्रयोग करायला येते. रात्रीच्या प्रयोगात खटला भरायचाय तो अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. एक नट आलेला नाही, त्याच्या जागी गावातल्या साध्यासुध्या सामंतला उभं करायचंय. त्याला कोर्ट म्हणजे काय ते कळावं म्हणून दुपारी एक लुटुपुटूचा खटला चालवायचं ठरतं. आरोपी, मंडळीतली शाळामास्तरीण लीला बेणारे. आरोप, भ्रूणहत्या. खेळ खेळता खेळता सगळ्यांच्या लक्षात येतं की बेणारे खरोखरच गरोदर आहे, मूल मंडळीतल्याच प्रोफेसर दामल्यांचं आहे, आणि दामले आज आलेले नाहीत. मग खेळाला दात फुटतात. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर निकाल देतात की तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या गुन्ह्याचा आरोप, तोच शिक्षा म्हणून फर्मावला जातो. तेवढ्यात रात्रीचा प्रयोग बघायला लोक येऊ लागतात, मंडळी भानावर येते, ‘अगं, खेळच होता’ म्हणत कपडे बदलायला आत जाते. बेणारे तशीच पडून राहते. सामंत परत येतो. सुरुवातीला त्यानं पुतण्यासाठी म्हणून आणलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. कुठून तरी तिच्याच आवाजातलं चिमणी-पोपटाचं बालगीत ऐकू येतं. पडदा.

त्या रात्री आमच्या सामंतनं पोपट ठेवला आणि आवाज आला. टक्क.

पोकळ प्लास्टिक लाकडी रंगमंचावर टेकल्याचा आवाज, एवढाच. कोणी हसलं नाही. पण विंगेत उभ्या असलेल्या मला स्पष्ट कळलं की काहीतरी सांडलं. सभागृहात तोवर जी शांतता दाटली होती ती त्या टक्कन सैल झाली. मागे कुणीतरी खाकरलं, एक खुर्ची करकरली. बेणारे करणारी बाई नंतर मेकअप पुसताना म्हणाली, “मला एकदम जाग आल्यासारखं झालं गं.” भाऊंनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “मावशीचा पोपट कुठाय?”

एसटीत परत येताना मी रात्रभर त्या ‘टक्क’चा विचार करत होते. शब्द सगळे तेच होते. प्रकाश तोच. नटानं पावलंही मोजून तेवढीच टाकली होती. मग बिघडलं काय? उमगलं ते असं. सबंध तीन अंक त्या खोलीत सगळ्या गोष्टी आवाज करत असतात. खुर्च्या सरकवल्या जातात, शब्द आदळले जातात, न्यायाधीश टेबल ठोकतो. बेणारेच्या वाट्याला येणारं जे जे म्हणून आहे ते कडक आहे. शेवटी एक गोष्ट अशी येते जी जमिनीला टेकताना आवाज करत नाही. तो नसलेला आवाज म्हणजेच सामंत. तेंडुलकरांनी ‘कापडी’ लिहिलं ते शोभेला लिहिलं नव्हतं, आणि मी तेवढाच शब्द वहीतून गाळला होता.

माझं नाटकाचं शिक्षण खरं तर त्याच्या पुष्कळ आधी सुरू झालं होतं, देवळासमोर गोणपाटावर बसून. आमच्याकडे जत्रेच्या रात्री पालखी फिरून झाली की दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, काळाकुट्ट संकासूर आणि त्याची मालवणीतली हुज्जत. मग पुराणातलं आख्यान. उजाडताना दहीकाला. छापील संहिता नसते. आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, संवाद ज्याचे त्यानं उभ्या उभ्या रचायचे. पायपेटी, मृदंग आणि झांज एका बाजूला. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं.

मी पाच-सहा वर्षांची असेन. शंकर येऊन त्या बाकड्यावर बसला. मी आजीला मोठ्यांदा विचारलं, “देव बाकड्यार कित्या बसलो?” आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, “गप रव. कैलास हा तो.”

तासाभरानं तेच बाकडं इंद्राचं सिंहासन झालं. पुढे राक्षस त्यावर चढून ओरडला तेव्हा डोंगर. मध्ये जरा खंड पडला तेव्हा गावातला एकजण कपबशी घेऊन त्यावर टेकला, आणि तेवढा वेळ ते नुसतं बाकडं होतं. कैलासावर बसून चहा पितोय असं कुणालाही वाटलं नाही. आम्ही पोरं देवळामागे गेलो तर तिथे द्रौपदी लुगडं सावरून विडी ओढत होती. नंतर पुढे येऊन तिनं असा टाहो फोडला की आजीनं पदर डोळ्यांना लावला. आजीनंही ती विडी पाहिली होती. तिला त्याचं काही नव्हतं.

वगातसुद्धा असंच. राजा आणि शिपाई रंगमंचाला एक फेरी मारतात आणि ‘आलो बघा पुण्याला’ म्हणतात. प्रेक्षकांतला कोणी उठून ‘एवढ्यात कसे पोचलात?’ असं विचारत नाही. जुनी संस्कृत नाटकंही याच वाटेनं जातात. कालिदासाची शकुंतला झाडांना पाणी घालते तेव्हा नाटककाराची सूचना पाणी घालण्याचा अभिनय करावा एवढीच आहे. झाड आणायला कुणाला सांगितलेलं नाही. 1930 नंतरच्या दशकात प्रागमधल्या काही अभ्यासकांनी यावर बारकाईनं लिहिलं. रंगमंचावर जे जे येतं ते खूण होऊन येतं, आणि एकच खूण घटकेत एक, घटकेत दुसरं काही सांगू शकते, असं त्यांचं म्हणणं. मी ते पुढे वाचलं आणि मला आमच्या जत्रेतला तो कपबशीवाला आठवला. त्याच्याबद्दल त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. तो बसला की खूण विझायची, उठला की पेटायची.

आजीच्या ‘कैलास हा तो’मध्ये एक क्रियापद दडलेलं आहे: मानणं. आपण मानलं, म्हणून तो कैलास. हे मानणं एकट्यानं होत नाही. नट मानतो, पेटीवाला मानतो, गोणपाटावरची आजी मानते. तिघांतल्या एकानं जरी अंग काढून घेतलं तरी बाकडं बाकडंच राहतं. बुजगावण्यालाही शेतात सदरा घालून उभं करतात, पण ते नाटक होत नाही. पाखराला फसवलं जातं. आजी फसलेली नव्हती.

‘शांतता!’कडे पुन्हा येते ती याचसाठी. त्या नाटकात जे घडतं ते दशावताराच्या बाकड्यासारखंच आहे. रिकाम्या सभागृहातल्या टेबल-खुर्च्यांचं मंडळी कोर्ट बनवते. शपथ घ्यायला गीता नाही, म्हणून ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश पुढे येतो आणि त्यावर हात ठेवून साक्षी होतात. (शब्दकोशावर हात ठेवून खोटं बोलणारी माणसं. तेंडुलकरांना इथे मिशीत हसू आलं असणार.) सुखात्मे काळा झगा चढवतात आणि वकील होतात. सगळ्यांनी मानलं, म्हणून कोर्ट. फक्त एका माणसाला विचारलेलं नाही. बेणारे हातपाय धुवायला आत गेलेली असते तेव्हाच तिला आरोपी करायचं ठरतं. ती बाहेर येते आणि खेळ सुरू झालेला असतो.

कोर्ट खोटं, झगा खोटा, शपथ खोटी. पण पिंजऱ्यात उभी असलेली बाई खरी. ती ‘मी खेळत नाही’ म्हणते तेव्हा बाकीचे म्हणतात, खेळच तर आहे, एवढं काय. माझ्या मते या नाटकाची सगळी भीती इथे आहे. नाटक ज्या मानण्यावर उभं राहतं तेच मानणं एखाद्याचा गळा कसा आवळू शकतं, हे ते नाटकाच्याच साधनांनी दाखवतं. सामंतची साक्ष आठवा. त्याला काहीच ठाऊक नाही, म्हणून बिचारा नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून ठोकून देतो. कादंबरीतलं खोटं, खोट्या कोर्टात, खोट्या साक्षीदाराच्या तोंडून, आणि ते नेमकं खऱ्या जखमेवर जाऊन बसतं.

प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याला वस्तूंचा स्वभाव कळायला लागतो. या नाटकात टिक-ट्वेंटीची बाटली आहे. ढेकणांचं औषध, घरोघरी असायचं. ती टेबलावर आली की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतं ती कशासाठी. ती अर्थ घरून घेऊन येते. पहिल्याच अंकातली कडी बघा. दाराची ती कडी नीट सरकवली नाही तर आतला माणूस कोंडला जातो, असं सामंत बोलता बोलता सांगून ठेवतो. पुढे बेणारे दाराकडे धावते आणि दार उघडत नाही. कडीला नाटककारानं आधी शिकवून ठेवलंय, वेळ आल्यावर ती धडा म्हणून दाखवते. हुशार काम आहे, पण तालमीत चार वेळा पाहिलं की गंमत ओसरते.

पोपटाचं तसं नाही. पोपट कोरा येतो. सामंत हातात घेऊन येतो, बेणारे त्यावरून त्याची थट्टा करते, मग तो कुठेतरी पडून राहतो आणि आपण त्याला विसरतो. मध्ये दीड-दोन तास माणसं एकमेकांना काय काय करत असतात. पोपट काहीच करत नाही. शेवटी तो तिच्याजवळ येतो तेव्हा त्या दोन तासांतलं सगळं त्याच्यावर साचलेलं असतं. आणि काय साचलंय ते कुणी सांगत नाही. दया? क्षमा? ‘मला काही कळलं नाही, पण तुम्हाला लागलंय एवढं कळलं’? सामंत एक अक्षर बोलत नाही. बोलला असता तर पोपट खेळणं होऊन बसला असता.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रसाचं जे प्रसिद्ध सूत्र आहे ते भाऊंनी एकदा आम्हाला तालमीत फळ्यावर लिहून दाखवलं होतं. विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (तो भाव बाहेर दाखवणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे भाव) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. भरत दाखला स्वयंपाकघरातला देतात: गूळ, मसाले, वनस्पती एकत्र येऊन जशी चव तयार होते तसं. (आम्ही सोलकढी समजलो. तालीम जेवणाआधीची होती.) आमच्या काशीकरांनी शंका काढली, “भाऊ, यात स्थायीभाव कुठाय?” स्थायीभाव म्हणजे मनात कायम असलेला मूळ भाव, आणि खरंच सूत्रात तो शब्द नाही. यावर पुढच्या टीकाकारांनी पानंच्या पानं वाद घातलाय. दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मिरी अभिनवगुप्तांचं उत्तर मला पटतं, निदान मला जेवढं कळलं तेवढं: स्थायीभाव बघणाऱ्याच्या आत आधीच वासनारूपानं, म्हणजे संस्कार होऊन, पडून असतो, रंगमंच त्याला फक्त जागवतो. म्हणजे कढीतला मुख्य जिन्नस प्रेक्षक डब्यात घालून घरून आणतो. म्हणूनच नट नुसता सामान मांडून बाजूला होतो तेव्हा चव जास्त उतरते, आणि नट स्वतःच रडून मोकळा झाला की प्रेक्षकाचा डबा न उघडताच घरी परत जातो.

बेणारेचं ते स्वगत. मला वाटतं मराठी नाटकात वेळेशी इतका धीट खेळ फार थोड्यांनी केला असेल. काशीकर म्हणतात, आरोपीला आपली बाजू मांडायला दहा सेकंद देण्यात येत आहेत. ते घड्याळ पुढे धरतात. प्रकाश बदलतो, सगळं कोर्ट जिथल्या तिथे गोठतं, आणि बेणारे उभी राहून बोलायला लागते. आयुष्य, शरीर, शाळेतली मुलं, पहिलं प्रेम, दुसरं प्रेम, सगळं. ते संपतं, प्रकाश पूर्ववत होतो, काशीकर घड्याळाकडे बघून सांगतात, वेळ संपली.

मी विंगेत मनगटावरच्या घड्याळात मोजायचे. आमच्या प्रयोगात ते दहा सेकंद साडेनऊ मिनिटं चालत. तेवढा वेळ आमचे काशीकर हात पुढे करून दगडासारखे बसायचे. एसटी डेपोत कारकून असलेला माणूस, घाम कपाळावरून नाकावर उतरायचा आणि ते पुसायचे नाहीत. पाठांतर संपून ब्लॉकिंगला, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं ते बसवायला, उभं राहिल्यापासून भाऊंचा सगळा धोशा या गोठण्यावर होता. “तिचं स्वगत तिला येतंय. तुम्ही सहा-सात जण मेलात तर ते उभं राहील.”

तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. ती बोलली का? कोर्टाच्या घड्याळाप्रमाणे ती एक शब्दही बोललेली नाही. दहा सेकंद गप्प उभी होती. ऐकलं फक्त आपण. पुस्तकात हे वाचताना आपण समजून घेतो की हे मनातलं आहे, झालं. रंगमंचावर मात्र ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे डोळ्यांसमोर बसलेले असतात, कान उघडे, हातभर अंतरावर, आणि त्यांना ऐकू येत नाही. तिच्या प्रत्येक वाक्याच्या मागे ती न ऐकणारी शरीरं दिसत राहतात. स्वगताचा निम्मा अर्थ घाम न पुसणारे आमचे काशीकर सांगत होते. आणि प्रेक्षक? पहिल्या अंकात भ्रूणहत्येचा आरोप वाचला जातो तेव्हा आमच्या प्रत्येक प्रयोगाला हशा यायचा. एवढा जड शब्द, आणि समोर थट्टेखोर मास्तरीण. तेच हसलेले लोक साडेनऊ मिनिटं एकटे साक्षीदार होऊन बसायचे. त्यांना तिच्या बाजूनं उठून काही म्हणता येत नव्हतं. नाटकात प्रेक्षकानं बोलायचं नसतं, हे त्यांनी तिसऱ्या घंटेलाच मान्य केलेलं असतं.

माझ्या बाबांनी पुण्यात शिकत असताना ‘घाशीराम कोतवाल’ पाहिलं होतं. 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. बाबांनी पुढे कधीतरी पाहिला. त्यांना आज कथा धड आठवत नाही. घाशीरामाचं पुढे काय झालं ते ते चुकीचं सांगतात. त्यांना आठवतात त्या पाठी. धोतर नेसलेल्या माणसांची ओळ, झुलणारी, गाणारी, आणि नको ते घडायला लागलं की वळून भिंत होणारी. “भिंत बांधली असती तर नुसती भिंत दिसली असती,” बाबा म्हणतात. “ती माणसं होती ना. तीच मघाशी देवाचं म्हणत होती.” बाबा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते, नाट्यसमीक्षेचं एक पानही त्यांनी वाचलेलं नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो, आणि प्रेत कसं बोलतं असं कुणी विचारत नाही, कारण कीर्तनकारानं काहीही व्हावं हे आपण देवळात आधीच कबूल केलेलं असतं. त्यावर पुष्कळ लिहिता येईल, पण मला पोपटाकडे परत जायचंय.

रत्नागिरीत आमचा नंबर आला नाही. पोपटामुळे नाही; एकूणच आम्ही तेवढे बरे नव्हतो. पण प्रयोग बसला होता, मग भाऊंनी आजूबाजूच्या गावांत तीन-चार प्रयोग लावले. त्यातला एक हायस्कूलच्या सभागृहात होता. बेंचांवर फळ्या टाकून केलेला रंगमंच, दोन डिमर, विंगांच्या जागी सतरंज्या. पुढे खाली पोरं, मागे बाकांवर बाया. मावशीचा पोपट आता ट्रंकेत माझ्या रुमालात गुंडाळून यायचा, आणि एसटीत ट्रंक माझ्या मांडीवर.

त्या रात्री आवाज आला नाही. पोपट टेकला तेव्हा बाहेरचे रातकिडे ऐकू आले, एवढी शांतता.

प्रयोग संपल्यावर आम्ही सतरंज्या सोडत होतो तेव्हा एक म्हातारी हळूहळू चढून वर आली. नऊवारी, हातात विजेरी. नटनट्यांकडे तिनं बघितलंही नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “तो पोपट बघया.” मी दिला. तिनं तो हातात फिरवला, वर बसलेल्या डोळ्याच्या बटणावर अंगठा ठेवला, आणि मग सामंतकडे वळून विचारलं, “ह्यो त्या पोरासाठी ठेवल्यान मा?”

मला आधी कळलंच नाही. कुठल्या पोरासाठी? संहितेप्रमाणे पोपट सामंतच्या पुतण्याचा. पहिल्या अंकात स्पष्ट वाक्य आहे, मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत म्हटलं असतं. मी सांगायला तोंड उघडलं, “नाही हो आजी, तो त्याच्या पुतण्या–” आणि थांबले. म्हातारी सामंतकडे बघत होती. तिला पोटातलं मूल म्हणायचं होतं. कोर्टानं ज्याला नष्ट करा म्हणून सांगितलं होतं, त्याला कुणीतरी खेळणं ठेवून गेलं होतं.

दोन महिने आम्ही ते नाटक उलटंपालटं करत होतो. भाऊंनी प्रत्येक वाक्याचा कीस काढला होता. पोपट म्हणजे करुणा, पोपट म्हणजे तिचं हरवलेलं बालपण, पोपट म्हणजे त्या गाण्यातला पोपट, असं सगळं बोलून झालं होतं. हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तेंडुलकरांच्या डोक्यात होतं की नाही हे मी कुठून सांगू? पण बाई बाळंतीण होणार असली की घरात आधी काय येतं हे त्या म्हातारीला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आमचा सामंत लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचा. फार बोलायचा नाही. तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला, अर्धा तसाच. तो म्हणाला, “होय गे आजी. त्याच्यासाठीच.”

म्हातारीनं पोपट मला परत दिला, “बरा केलंस” म्हणाली आणि विजेरी लावून उतरून गेली.

पुढचा प्रयोग पंधरा दिवसांनी होता. मी नेहमीसारखी विंगेत. शेवट आला. बेणारे टेबलाशी कोसळून पडलेली, बाकी सगळे आत. सामंत आला, थबकला, पुढे झाला. इतके दिवस तो पोपट तिच्या डोक्याशी, हाताजवळ ठेवायचा. भाऊंनी खडूनं खूण करून दिली होती तिथे. त्या दिवशी तो खुणेपाशी थांबला नाही. आणखी दोन पावलं पुढे गेला, खाली वाकला, आणि पोपट तिच्या पोटाशी ठेवला. पोपटाचं तोंड आतल्या बाजूला.

भाऊ माझ्या शेजारी उभे होते. मला वाटलं आता आत गेल्यावर हा खाणार शिव्या. भाऊंना ठरवून दिलेली मुव्हमेंट कुणी मोडलेली खपत नसे. गाणं सुरू झालं. भाऊ काही बोलले नाहीत. पडदा पडल्यावर त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि सातव्या ओळीवर ‘हिरवा’च्या पुढे काहीतरी लिहून वही परत दिली.

“खडूची खूण पुसून टाक,” म्हणाले. “पुढच्या वेळी गोंधळ नको.”